'तू' म्हणण्याआधीचा श्वास

संध्याकाळची कामं आवरली असतील, तर दहा मिनिटं बसा. फोन पालथा ठेवा. मांडी घालून बसायला हवं असं नाही, भिंतीला पाठ टेकली तरी चालेल. आज जे ऐकायचं आहे त्याची भाषा, स्पॅनिश, आपल्याला येत नाही. ती कळावी म्हणून धडपडू नका.

अल्बमचं नाव 'रोमान्से'. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो आला तेव्हा मेक्सिकोत वाढलेला गायक लुईस मिगेल २१ वर्षांचा होता. पहिला अल्बम त्याने अकराव्या वर्षी गायला होता, त्यामुळे नाव आधीच झालेलं, पण ते पोरवयातल्या पॉप गाण्यांचं. आणि एकविसाव्या वर्षी त्याने हाती घेतले बोलेरो, म्हणजे आजी-आजोबांच्या काळातली संथ प्रेमगीतं. क्यूबातल्या सांतियागो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला हा गीतप्रकार समुद्र ओलांडून मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याला लागला. त्याच युकातानच्या मेरिदा गावचे संगीतकार आर्मांदो मान्सानेरो या अल्बमसाठी त्याच्या पाठीशी उभे राहिले. एकूण बारा गाणी. लाखो प्रती खपल्या, आणि कपाटात गेलेले बोलेरो तरुण पोरांच्या ओठांवर आले.

एवढी माहिती पुरे. आता मान्सानेरोंचं 'नो से तू' लावा.

सुरुवातीची वाद्यं येऊन जाऊ द्या. मग आवाज लागण्याआधी गायक श्वास घेतो, तिथे कान ठेवा. लगेच शीर्षकाचे तीन शब्द येतात. अर्थ साधारण असा: तुझं काय ते मला ठाऊक नाही. स्वतःच्या मनातलं सांगायला निघालेला माणूस आधी कबूल करतो की समोरच्याच्या मनात काय आहे हे त्याला माहीत नाही. किती सभ्य सुरुवात आहे ही! आपण प्रेमात बहुतेक वेळा उलट करतो, दुसऱ्याचं मन आपल्याला कळलंय असं धरूनच बोलू लागतो.

त्यातला शेवटचा शब्द पुन्हा ऐका. तू. उच्चार तोच, अर्थही तोच. लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आलेलं 'तू', संस्कृतचं 'त्वम्' आणि आपलं 'तू' ही एकाच घरातली भावंडं आहेत. अख्ख्या परक्या गाण्यात हा एक शब्द आपल्या घरचा निघतो. त्यावर थोडा वेळ थांबा. श्वास हळू सोडा.

याच अल्बममधल्या दुसऱ्या एका बोलेरोचं नावच 'उस्तेद' आहे. उस्तेद म्हणजे 'तुम्ही', आदरार्थी. मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या दोन शब्दांचं झिजून झालेलं रूप. जिच्यासाठी जीव जातो तिलाच गाण्यात असं अंतर राखून हाक मारायची! माझ्या आजीने आजोबांना आयुष्यभर 'अहो' म्हटलं. त्या दोन अक्षरांत राग, काळजी, थट्टा सगळं मावायचं. तुमच्या घरात असं कोण कोणाला म्हणायचं? तो आवाज आठवतो का ते पाहा. आठवला नाही तरी ओढून आणू नका.

आणखी एक शीर्षक आहे, 'ते एक्स्त्रान्यो'. मला तुझी फार आठवण येते, असं ते सांगतं. पण एक्स्त्रान्यो हा शब्द एकटा घेतला तर त्याचा अर्थ परका, अनोळखी. आठवण काढणं आणि परकं वाटणं या भाषेत एकाच मुळातून उगवतं. कोणी निघून गेल्यावर घरातली त्याची खुर्ची कशी दिसते, ते डोळ्यांपुढे आणा. खुर्ची तीच, आणि तरी अनोळखी.

कधीकधी या अल्बममधले व्हायोलिनचे थर मला जड वाटतात. बोलेरो गाणाऱ्या जुन्या त्रिकुटांच्या गिटारीत जी मोकळी हवा होती ती इथे कमी आहे. पण 'कोन्तीगो एन ला दिस्तान्सिया' लागलं की ही तक्रार विरते. दूर असूनही तुझ्याबरोबर, असं त्याचं नाव. हवानाच्या सेसार पोर्तियो दे ला लूस याने १९४६ मध्ये ते लिहिलं. घरं रंगवून पोट भरणारा, विशीतलाच पोरगा होता तो. म्हणजे ज्यांना आपण म्हाताऱ्यांची गाणी म्हणतो त्यातलं हे एक तरी तरुणाचंच होतं. लुईस मिगेल ते गातो तेव्हा मोठ्या माणसाचा कोट अंगावर चढवल्यासारखं मुळीच वाटत नाही. पंचेचाळीस वर्षांनी ते गाणं पुन्हा त्याच वयाच्या गळ्यात परतलेलं असतं.

आता आवाज बंद करा. खोलीतला पंखा ऐकू येईल, बाहेर एखादी गाडी जाईल. डोळे मिटा आणि तो घरचा निघालेला शब्द एकदा स्वतः म्हणा, अगदी हळू. ओठ गोल होऊन जरासे पुढे येतात, आत धरलेली हवा सुटते. समोर कोणाचा चेहरा आला, ते कोणाला सांगायचं नाही. पुन्हा म्हणा.

तू.