ज्याचे नाव कुणी देत नाही

नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्या चर्चच्या ऑफिससमोर रांग लागते. कुणाच्या हातात वहीचे फाडलेले पान असते, कुणी मोबाइलवर यादी उतरवून आणलेली असते. आई, बाबा, सासूबाई, मावशी, गेल्या पावसाळ्यात अचानक गेलेला मेव्हणा. नावे पुस्तकात लिहून घेतली जातात आणि महिनाभर मिस्सेच्या आधी वाचली जातात. २ तारखेला दफनभूमीत कबरी धुऊन निघतात, शेवंतीचे हार पडतात, मेणबत्त्या लागतात, फादर कबरींवर तीर्थ शिंपडत फिरतात. त्या संध्याकाळी आपल्या गावात सहसा कुणी घरी बसत नाही.

गेल्या वर्षी त्याच गर्दीत दृढीकरणाच्या वर्गातील एका मुलाने आपल्या धर्मशिक्षिकेला एक प्रश्न विचारला. आम्ही शेजारीच उभे होतो. तो म्हणाला, "टीचर, ज्यांची मुले गल्फमध्ये आणि कॅनडात आहेत त्यांच्या नावाने वर्षाला तीस-चाळीस मिस्सा होतात. आणि त्या कोपऱ्यातल्या कबरीवर एक मेणबत्तीसुद्धा नाही. मग देवाकडेही वशिला चालतो का?"

टीचरने सांगितले की प्रत्येक मिस्सेत सर्व मृतांसाठी प्रार्थना होतच असते. उत्तर बरोबर होते. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. सर्वांसाठी प्रार्थना होतच असेल, तर आपण एकेक नाव घेऊन रांगेत का उभे राहतो? आणि नाव दिल्याने काही लाभ होत असेल, तर ज्याचे नाव कुणी देत नाही त्याने काय करावे?

पैशाचा भाग आधी बाजूला काढू, कारण तो सोपा आहे. मिस्सेला किंमत नसते. आपण जे देतो ते दान. धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यात अगदी स्पष्ट लिहिले आहे की या बाबतीत व्यापाराचा नुसता भासही होता कामा नये, आणि गरिबाने काही दिले नाही तरी धर्मगुरूंनी त्याच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी. ही दक्षता आजची नाही. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने शुद्धीस्थान आहे आणि तेथील आत्म्यांना आपल्या प्रार्थनांचा, विशेषतः मिस्साबलिदानाचा, उपयोग होतो हे ठामपणे सांगितले. त्याच वेळी या विषयातील भोळसटपणा, नसत्या चौकशा आणि पैसे कमावण्याचे प्रकार बंद करा, अशी बिशपांना ताकीदही दिली. किती मिस्सा झाल्या की आत्मा सुटतो, याचा हिशोब ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेला नाही. असा हिशोब आपल्यापैकी कुणी मनात मांडत असेल तर तो आपला घरगुती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मृतांसाठी प्रार्थनेचा जुना आधार म्हणून आपण मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय सांगतो. (हे पुस्तक प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये नाही, म्हणून त्यांच्याशी बोलताना तो आधार पुरत नाही, हे लक्षात असू द्यावे.) त्यातील प्रसंग आपण घाईने वाचतो. यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांना पुरायला जातो, तेव्हा त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या देवांचे ताईत सापडतात. नियमशास्त्राने मनाई केलेली गोष्ट. म्हणजे ज्यांच्यासाठी ही प्रार्थना झाली ते संत नव्हते, चूक उराशी बाळगूनच मेलेली माणसे होती. यहूदाने त्यांना तसेच टाकून दिले नाही. सैन्यातून सुमारे दोन हजार चांदीची नाणी गोळा केली आणि त्यांच्या पापांसाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवली. यात आम्हाला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की वर्गणी सगळ्यांनी दिली. ज्याचा भाऊ पडला त्याने दिली, ज्याचे कुणीच पडले नव्हते त्यानेही दिली.

संत मोनिकाचेही तसेच. ३८७ साली रोमजवळ ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. तिचे गाव समुद्रापलीकडे आफ्रिकेत. आपल्या पतीशेजारी आपल्याला पुरावे अशी तिची पूर्वी फार इच्छा होती, पण शेवटी तिने मुलांना सांगितले की शरीर कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. काही वर्षांनी संत अगस्तीन यांनी हे सारे लिहिले तेव्हा ते स्वतः बिशप होते, रोज वेदीपाशी उभे राहत होते. आईसाठी प्रार्थना करायला दुसऱ्या कुणाची गरज त्यांना का भासावी? तरीही ते वाचकांना विनवतात की माझ्या आईची आणि वडिलांची वेदीपाशी आठवण करा. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा लोकांना! आपली आई आपल्या एकट्याची राहू नये, सर्वांची व्हावी, असे त्यांना वाटले असावे. पुढे म्हातारपणी याच अगस्तीन यांनी लिहून ठेवले की अंत्यविधीचा थाटमाट मृतांच्या मदतीपेक्षा जिवंतांच्या समाधानासाठीच अधिक असतो. ग्रॅनाइटची कबर बांधायला काढलेल्यांनी हे वाचून मगच कारागिराला बोलवावे!

२ नोव्हेंबरचा दिवसही घरच्या माणसांसाठी सुरू झाला नव्हता. सुमारे हजार वर्षांपूर्वी क्लुनीचे मठाधिपती संत ओडिलो यांनी आपल्या मठांत हा दिवस ठरवला तो सर्व मृत भाविकांसाठी. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. तीनपैकी एकच मिस्सा धर्मगुरू कुणाच्या हेतूसाठी दान घेऊन अर्पण करू शकतात. एक पोपमहोदयांच्या हेतूंसाठी आणि एक सर्व मृतांसाठी, विनादान. त्या मुलाला आम्ही आज हे सांगू. ज्याचे कुणी नाही त्याच्यासाठी त्या दिवशी वेदीवर जागा राखून ठेवलेली आहे आणि ती जागा कुणालाही विकत घेता येत नाही.

वशिल्यात एकाला पुढे ढकलले की दुसरा मागे पडतो. प्रार्थनेत तसे होत नाही. आईने एका लेकराला जवळ घेतले म्हणून देवाच्या घरात दुसऱ्याची भाकरी कमी होत नाही. सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या २००७ च्या परिपत्रकात म्हटले आहे की कुणीही एकटा जगत नाही, एकटा पाप करत नाही, एकटा तारलाही जात नाही, आणि दुसऱ्याच्या अंतःकरणाला स्पर्श करायला कधीच फार उशीर झालेला नसतो. म्हणून आपण विसरलो तरी देव त्या माणसाला विसरत नाही. परंतु त्याची आठवण करण्याचे काम देवाने आपल्याकडेही दिलेले आहे. त्या कोपऱ्यातल्या कबरीवर मेणबत्ती नसेल तर त्याचा जाब देवाला विचारायचा नसतो.

हे आम्ही कुणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरची गोष्ट आहे. आमची आजी फुले विकून जमवलेल्या पैशांतून दर नोव्हेंबरला मिस्सा सांगायची. सगळी नावे देऊन झाली की म्हणायची, "आणि एकाची." लिहिणारे विचारायचे, "नाव?" आजी म्हणायची, "देवाला ठाऊक आहे." आम्हा भावंडांना ती म्हातारीची एक लकब वाटायची. आजी गेल्यावर आत्याने सांगितले की तो आजोबांचा धाकटा भाऊ. पन्नासच्या दशकात त्याने स्वतःचे जीवन संपवले होते. १९१७ च्या कायद्याप्रमाणे अशांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. मिस्सा झाली नाही, घंटा वाजली नाही, काठावर कुठेतरी त्याला पुरले. त्यानंतर घरात ते नाव कुणी उच्चारले नाही. आजोबांनीही नाही.

१९८३ च्या नव्या कायद्यात ती मनाई राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट सांगितले आहे की अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आजीने तो ग्रंथ पाहिलाही नव्हता. आणि आम्ही? आम्ही तो वाचला, त्यावर चर्चा केली, तरी इतकी वर्षे यादीत ते नाव घातले नाही. लाज वाटत होती, की सवय नव्हती, हे आता सांगता येत नाही. ज्याचे नाव कुणी देत नाही असा माणूस आम्ही दफनभूमीच्या कोपऱ्यात शोधत होतो आणि तो आमच्याच आडनावाचा होता.

या वर्षी आम्ही ते नाव दिले. ऑफिसातल्या बाई लिहिताना थांबल्या आणि म्हणाल्या, "हे नवीन दिसते. नुकतेच गेले का?"

"नाही," आम्ही म्हणालो, "जुनेच आहेत."

१८ तारखेला सकाळी साडेसहाच्या मिस्सेत ते नाव वाचले जाईल. त्याला पाहिलेली आता एकटी आत्या उरली आहे. तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली आहे, म्हणून तिला रिक्षाने आणायचे ठरले आहे.