सोन्याचा ससा

जें मनापासून करावयाचें तें बक्षिसाच्या आशेनें करविलें, तर त्याचें मूळ स्वरूप टिकतें काय? हा प्रश्न शिक्षकास पडतो तसा कलावंतासहि पडतो. मुलांच्या एका कोड्याच्या पुस्तकाची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराचें ‘मास्करेड’ हें पुस्तक १९७९ सालीं प्रसिद्ध झालें. लोक चित्रांचीं पुस्तकें भराभर चाळून बाजूस ठेवतात. त्यांनीं एकेका चित्रावर नजर स्थिर करावी, ही विल्यम्स यांची इच्छा. म्हणून त्यांनीं पंधरा चित्रांत एक कोडें गुंफलें, प्रत्येक चित्रांत एक ससा लपविला आणि स्वतः घडविलेला अठरा कॅरट सोन्याचा रत्नजडित ससा बेडफर्डशायरमधील अँप्टहिल येथें जमिनींत पुरला. कोडें सोडवील त्याचा तो ससा! गुरुकिल्ली चित्रांतच होती. आकृतीच्या डोळ्यापासून तिच्या सर्वांत लांब बोटावरून रेघ ओढली, कीं ती चौकटींतील एका अक्षरावर जाऊन टेकत असे.

परंतु सोनें दिसतांच चित्रें दिसेनाशीं झालीं. चित्रकाराकडे पत्रांचे ढीग आले. लोक भलभलत्या जागा खणूं लागले. १९८२ सालीं ससा सांपडला खरा. पण तो मिळविणाऱ्यानें कोडें सोडविलेंच नव्हतें, त्याला जागेचा सुगावा चित्रकाराच्या एका पूर्वपरिचित व्यक्तीकडून लागला होता, असें १९८८ सालीं ‘संडे टाइम्स’नें उघड केलें. अचूक उत्तर काढलें होतें तें पदार्थविज्ञानाच्या दोघां शिक्षकांनीं. त्यांच्या हातीं ससा लागला नाहीं.

कोणी म्हणेल, सोन्यावांचून इतक्या लोकांनीं पुस्तक हातींच घेतलें नसतें. हें मान्य केलेंच पाहिजे. आमिष माणसाला दारापर्यंत आणतें. परंतु आंत काय पाहावें हें तें शिकवीत नाहीं. उलट, बक्षिसाखेरीज येथें पाहण्याजोगें कांहीं नाहीं, असेंच तें नकळत सुचवितें. ‘पहिला आलास तर सायकल’ असें मुलास सांगणारा पिता विद्येविषयीं हेंच सुचवीत नाहीं काय? मुलाचें लक्ष पुस्तकावर राहतें, पण मन सायकलीवर असतें. आणि सायकल मिळतांच पुस्तक मिटतें.

त्या दोघां शिक्षकांस हळहळ वाटली असेल, आणि ती स्वाभाविक होती. तथापि चित्रकारास जें खरोखर द्यावयाचें होतें, तें ससा नेणाऱ्यास मिळालें नाहीं. तें चित्रांकडे डोळे लावून बसलेल्या त्या दोघांसच मिळालें.