घनाची सोपी परीक्षा

सिम्युलेशनचं उत्तर सिद्धांताशी जुळलं की मला हायसं वाटतं. आज त्या हायसं वाटण्याचीच झडती घ्यायची आहे.

भट्टीच्या भिंती एकमेकींना प्रारणाने किती उष्णता देतात, हे काढणारं मॉडेल तपासायचं तर मी हटकून घन घेतो. का? सूत्र हाताशी असतं, आणि निकाल चांगला लागतो. एका भिंतीवरून निघालेल्या प्रारणाचा जो हिस्सा थेट दुसरीवर पोहोचतो, तो व्ह्यू फॅक्टर. घनात समोरच्या भिंतीसाठी तो ०.१९९८ येतो, शेजारच्या प्रत्येकीसाठी ०.२०००. म्हणजे प्रोग्रॅमने समोरची भिंत शेजारची समजली, तरी फरक पडणार हजारात एखाद्याचा! दहा हजार किरण सोडून काढलेल्या उत्तरात नुसता यदृच्छेचा हेलकावाच दोन टक्क्यांचा असतो. एवढी मोठी गफलत त्यात सहज दडून जाते. हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी घनच घेतो. पेपर आपणच काढायचा आणि आपणच सोडवायचा, तसलं हे सुख. समोरासमोरच्या चौरसांमधलं अंतर बाजूच्या दुप्पट केलं, तर त्यांच्यातला आकडा ०.०६९ वर उतरतो, आजूबाजूचे ०.२३ वर चढतात, आणि गोंधळ असेल तर लपत नाही. पेटी लांबट करायला असा कितीसा वेळ लागतो?

बेरजेचंही तेच. बंदिस्त पोकळीत एका भिंतीचे सगळे व्ह्यू फॅक्टर मिळून १ व्हायला हवेत. पण बेरीज जुळवून देणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये चालू असेल, तर १ येणारच. मग 'बेरीज तपासली' असं लिहिताना मी नेमकं काय तपासलेलं असतं?

दोन विस्तीर्ण समांतर पृष्ठभाग, १००० आणि ५०० केल्विनचे, दोन्हींची उत्सर्जकता ०.८ : सूत्र सांगतं, चौरस मीटरला ३५.४ किलोवॅट. प्रोग्रॅमही तेच सांगतो. सांगेलच, सगळ्या तरंगलांबींशी पृष्ठभाग सारखाच वागतो, हे दोघांनीही आधीच मान्य केलेलं आहे. गणित बरोबर सुटलं, इतकंच यातून कळतं. भट्टीतल्या गंजलेल्या पत्र्याची उत्सर्जकता खरोखर ०.८ आहे का, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नसतो.

मग कोणती चूक या चाचणीला दिसली नसती, तेही अहवालात लिहावं का? लिहावं, असं मन म्हणतं. त्यावर बैठकीत चार प्रश्न येतील, हेही तेच मन सांगतं, आणि हात आखडतो.