परक्याचा पूर्वपक्ष

गझनीच्या महमूदाच्या भारतावर स्वाऱ्या चालू होत्या, त्याच काळात त्याच्याच दरबारातला एक विद्वान संस्कृत शिकत होता. अल्-बिरूनी. जन्म ९७३चा, ख्वारझमचा; चाळिशीच्या आसपास त्याने ही परकी भाषा हाती घेतली. उच्चार जिभेवर बसेनात, तरी सांख्य आणि पातंजल योगावरचे ग्रंथ त्याने अरबीत नेले. १०३०च्या सुमारास भारतावर मोठा ग्रंथ लिहिला आणि सुरुवातीलाच बजावले, की हे खंडन नव्हे. इथले लोक जे मानतात ते त्यांच्याच शब्दांत मांडतो आहे. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, इतक्या निष्ठेने मांडणारे थोडेच. मला मात्र सर्वांत भिडते ती वेगळीच गोष्ट: महमूदाने या देशाची पार धूळधाण केली, हेही त्याने त्याच ग्रंथात लिहून ठेवले.