जळाश्रित जीव आणि तलावाची पाळ

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांपैकी जळ हे प्रपंचात मोडते. ते जड आहे. त्याच्या उपासनेने मोक्ष नाही. म्हणून महानुभाव साधक नदीला वा तळ्याला मोक्षदायिनी मानीत नाही. परंतु यावरून जळाविषयी बेफिकीर राहण्यास मोकळीक मिळते असे कोणी म्हणेल, तर तो विचारशास्त्राचा विपर्यास होय. जळ जड असले तरी जळाच्या आश्रयाने राहणारा जीव जड नाही. पाणी वस्त्राने गाळून घेण्याचा आचार याच विवेकाचा. आता, वस्त्रात अडकलेला जंतू ज्यात परत सोडावयाचा, ते पाणीच आटले असेल तर?

हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात कल्पनेचा नाही. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि बोड्यांचा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने पाळी घालून पावसाचे पाणी अडविले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, बोडीचे पाणी भाताच्या बांधीत, अशी ती रचना. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळीची निगा राखणारा गावकरी हळूहळू दूर झाला. गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली. पाणी लवकर आटू लागले की मासा, बेडूक, गोगलगाय चिखलातच तडफडून मरतात. या हिंसेला पारधी दिसत नाही, एवढाच फरक. पारध्यांपासून सशाला अभय देणाऱ्या स्वामींच्या अनुयायांना ती दिसावयास हवी.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांसह काही तलावांतील बेशरम काढून तेथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पक्षी व मासे परतले. ढिवरांची उपजीविका मासेमारीची. अहिंसाधर्माला ती मान्य नाही, हे झाकण्याचे कारण नाही. तथापि तलाव जिवंत ठेवण्याचे काम त्यांनी केले, हेही तितकेच खरे.

संन्याशाने माती खणावयाची नसते. ते काम वासनिकांचे. मात्र या भागात भिक्षेच्या झोळीत पडणारा भात त्याच पाळीआडच्या पाण्यावर पिकलेला असतो. चैत्रात गाळ काढताना मध्यभागी एक खोल डोह पाण्यासह राखावा, म्हणजे उरलेल्या जीवांना मृगापर्यंत थारा मिळेल.