कडी कुठल्या बाजूला?

टीममधला एक मित्र गेल्या जूनमध्ये कायमचा जर्मनीला गेला. फ्रिज विकला, बाइक भावाला दिली आणि एक काचेची टाकी आमच्या दारात आणून ठेवली. "सहा महिने बघ, नाही जमलं तर दुसरं कोणीतरी शोधू," म्हणाला. टाकीत नारळाची करवंटी होती आणि करवंटीत एकमेकींना चिकटून झोपलेले दोन राखाडी गोळे. आफ्रिकन पिग्मी डॉरमाउस, दोघी माद्या. त्याने ठेवलेली नावं बिट आणि बाइट.

मराठीत या प्राण्याला नाव नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत झाडाझुडपांत राहणारा हा जीव. आकार उंदराचा, शेपटी खारीसारखी झुपकेदार, डोळ्यांभोवती काजळ पसरल्यासारखा काळा पट्टा आणि वजन पंचवीस-तीस ग्रॅम. 'ॲलिस इन वंडरलँड'मध्ये चहाच्या टेबलावर झोपा काढणारा डॉरमाउस म्हणजे यांचा युरोपातला नातेवाईक.

मी हो म्हणाले कारण माझी शिफ्ट संध्याकाळी सहा ते रात्री तीन असते. अख्खं घर झोपलेलं असताना मी एकटी लॅपटॉपसमोर बसलेली असते. हे प्राणी निशाचर. मला वाटलं, चला, सोबत होईल. आता लिहिताना लक्षात येतं, पहिला विचार माझ्या एकटेपणाचा होता. त्यांचा नव्हता.

आजीने टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "काय गो, जन्मभर मारले, आता पोसायचे?"

इंजिनिअर असल्यामुळे मी पहिल्याच रात्री स्प्रेडशीट उघडली. एका कॉलममध्ये गरज, दुसऱ्यात आपण काय करायचं.

घर. हे प्राणी चढणारे, त्यामुळे टाकी लांबरुंद असण्यापेक्षा उंच हवी. झाकणाला बारीक जाळी हवी, कारण बोट जाईल एवढ्या फटीतूनही ते सटकतात. आत फांद्या, सुती दोर, लपायला दोन-तीन जागा. एकटं ठेवायचं नाही, ते गटाने राहतात. थंडी चालत नाही, गारठा वाढला की अंग गार पडून ते सुस्तावतात. मुंबईत हा प्रश्न कुठे येणार, असं मला वाटलं होतं. पण माझ्या खोलीतला एसी बावीसवर असायचा. तो सत्तावीसवर गेला आणि मी पंख्यावर आले.

खाणं. बाजरी, राळे, भोपळ्याच्या बिया, चिकू, पेरू, सफरचंदाची फोड, कधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. सशाला देतात तसा पाला किंवा गवत यांच्या मुख्य जेवणात चालत नाही. कुरतडणाऱ्या बहुतेक प्राण्यांच्या पोटात पाला आंबवायला एक पिशवी असते, ती डॉरमाउसला नसतेच. आणि किडे हवेतच. म्हणून एक डबा मीलवर्मचा, म्हणजे जिवंत अळ्यांचा. तो फ्रीजमध्ये ठेवायचा म्हटल्यावर आई भडकली. बोंबील, मांदेली, सुकट सगळं त्या फ्रीजमध्ये सुखाने नांदतं, पण अळ्या नाहीत. शेवटी डबा बाल्कनीत गेला. रोज रात्री सहा अळ्या. दोन जीव जगवायला सहा जीव द्यायचे, हा हिशेब मी स्प्रेडशीटमध्ये लिहिला नाही.

महिन्याभरात शीटमधल्या सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. सगळ्या टेस्ट पास. मला माझं कौतुक वाटत होतं.

मग एकदा आजी सहज म्हणाली, "तुझा पिंजरा पुसून घे, वास येतोय." मी म्हटलं, "आजी, पिंजरा नाही, टाकी आहे." ती म्हणाली, "कडी बाहेरून आहे ना? मग पिंजराच."

पिंजरा या शब्दाला आमच्या घरात इतिहास आहे. हा टॉवर व्हायच्या आधी लालबागमध्ये याच जागी आमची चाळ होती. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. रात्री पोटमाळ्यावरून उंदीर धावायचे. बाबा तारेच्या पिंजऱ्यात हुकाला खोबऱ्याचा तुकडा अडकवून ठेवायचे. मध्यरात्री खट्ट आवाज यायचा. सकाळी बाबा तो पिंजरा उचलून मोरीत न्यायचे आणि पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवायचे. गणपतीच्या दिवसांत मात्र आजी पिंजरा लावू द्यायची नाही. त्या दिवसांत पकडायचंच नाही, म्हणजे मारायचा प्रश्न नाही. विसर्जन झालं की पुन्हा बादली.

लहानपणी मला यात काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं. पकडून मारायच्या जाळीला आणि प्रेमाने पाळायच्या जाळीला मराठीत शब्द एकच आहे.

कायद्यातही दोघं शेजारी राहतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. त्याच कलमात खाली म्हटलंय की एखाद्या कायद्याच्या अधिकाराखाली प्राण्यांचा नायनाट केला, तर त्याला हे कलम लागू नाही. म्हणजे माझी टाकी वरच्या ओळीत बसते. आणि ज्या वेळी मी बिट-बाइटसाठी चिकू कापत असते, त्याच वेळी काठी आणि टॉर्च घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारत फिरणारे महापालिकेचे कामगार खालच्या ओळीत. एका रात्रीत तीस उंदीर, हे त्यांचं टार्गेट. मिरियम चांडी मेनाचेरी यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर 'द रॅट रेस' नावाचा माहितीपट केला आहे. त्या कामगारांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. लेप्टो झालेला माणूस ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांना तर मुळीच विचारू नका.

आणि या शहराला उंदरांची भीती उगाच बसलेली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९०५ पासून प्लेग कमिशनच्या शास्त्रज्ञांनी परळमध्येच पिसवांचे प्रयोग केले. गिनीपिग पिंजऱ्यांत घालून काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही उंच टांगले. खालचे प्लेगने मेले. पिसवांची उडी पोचली नाही ते वरचे वाचले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पक्कं व्हायला त्या पिंजऱ्यांनी मदत केली. आपले पणजोबा-खापरपणजोबा वाचले असतील तर त्यात त्या गिनीपिगांचा वाटा आहे.

म्हणून पिंजरा वाईट, असं एका वाक्यात म्हणून मी मोकळी होऊ शकत नाही. मोरीतल्या पिंजऱ्याला कारण होतं. परळच्या पिंजऱ्याला त्याहून मोठं कारण होतं. प्रश्न माझ्या पिंजऱ्याचा आहे. त्याला कारण काय? मला रात्री सोबत हवी होती.

"पण मी त्यांना किती नीट ठेवते!" हे माझं आवडतं उत्तर होतं. ते कुठे अडतं ते मला रोमन लोकांमुळे कळलं. डॉरमाउस पाळायची पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी व्हॅरो नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. मातीचा खास रांजण, आतल्या भिंतीला चढायला कडा, साठवायला जागा, खायला अक्रोड, चेस्टनट, ओकची फळं. वर झाकण, कारण अंधारात ते लवकर लठ्ठ होतात. लठ्ठ झाले की ताटात. रोमन लोकांनी घर आणि खाणं या दोन्हींचा विचार माझ्याइतकाच बारकाईने केला होता. त्यांचीही शीट हिरवीच होती. म्हणजे सोय चांगली आहे, एवढ्यावरून ती कोणासाठी आहे हे कळत नाही.

हे मला नीट कळलं ते अनंत चतुर्दशीला. लालबागमध्ये त्या दिवशी चौदाव्या मजल्यावरही खिडक्यांच्या काचा थरथरतात. दुपारी ढोल-ताशे सुरू झाले आणि बिट टाकीत वेड्यासारखी वरखाली धावू लागली. मी दोघींना आतल्या खोलीत न्यायचं ठरवलं. झाकण काढलं आणि बिटने उडी मारली. मी तिला पकडायला गेले. हातात शेपटी आली.

या प्राण्यांची शेपटी पकडायची नसते. हे मी वाचलेलं होतं, शीटमध्ये लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. शेपटीची कातडी मोज्यासारखी निसटून येते. शत्रूच्या तोंडात कातडी राहावी आणि आपण सुटावं, यासाठीची ती सोय. माझ्या चिमटीत झुपका राहिला. बिट कपाटाखाली गेली. खाली गुलाल उडत होता, लोक पुढच्या वर्षी लवकर या म्हणत होते, आणि मी फरशीवर पालथी पडून मोबाइलच्या उजेडात तिला शोधत होते.

डॉक्टरांनी सांगितलं, उघडं पडलेलं हाड वाळून गळून जाईल, जखम स्वच्छ ठेवा, हात लावू नका. तसंच झालं. बिट जगली. आता तिची शेपटी अर्धी आहे.

मित्राला फोन केला तेव्हा त्याने धीर दिला. "त्या टाकीतच जन्मल्यात, त्यांना जंगल माहीतच नाही. जे माहीत नाही त्याची आठवण कशी येणार?" हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. पोपटाबद्दल, कासवाबद्दल, हॅमस्टरबद्दल. महिनाभर मीही तोच धरून होते. पण बिटने कधी घुबड पाहिलेलं नाही, साप पाहिलेला नाही. तरी माझा हात जवळ आला तेव्हा तिच्या शरीराला बरोब्बर माहीत होतं काय करायचं ते. जंगल तिच्या आठवणीत नसेल, पण शेपटीत आहे. रात्रभर दोरावरून धावणाऱ्या पायांत आहे. पोट भरलेलं असूनही करवंटीमागे बिया लपवण्यात आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मांडली. भूक-तहान नसणं, गैरसोय नसणं, दुखणं-इजा नसणं, भीती नसणं, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागता येणं. माझ्या शीटमध्ये पहिल्या तीन होत्या. चौथी माझ्याच हाताने मोडली. पाचवी टाकीत किती मावते, हे मला सांगता येत नाही.

हे सगळं आजीला सांगितलं तेव्हा ती हसली. "आम्ही सहा माणसं दहा बाय बारात राहिलो. आम्हाला कोणी विचारलं, स्वभावाप्रमाणे वागता येतं का?" मुद्दा बिनतोड वाटला. रात्री काम करताना मात्र चाळीतली आमची खोली आठवली. तिचं दार सकाळी सहाला उघडायचं ते रात्री झोपतानाच बंद व्हायचं. पोरं गॅलरीत, बायका नळावर, आजोबा खाली कट्ट्यावर. खोली लहान होती, पण कडी आतून होती. आजीनेच मला हा फरक शिकवला होता, ती विसरली एवढंच. पिंजरा किती मोठा आहे, हा प्रश्न नंतरचा. कडी कोणाच्या हातात आहे, हा पहिला.

मग मी काय केलं? सोडून दिलं नाही. मुंबईत या दोघी दोन दिवस टिकल्या नसत्या, आणि परका प्राणी मोकळा सोडणं इथल्या जीवांवरही अन्याय. दुसऱ्या कोणाला दिल्या नाहीत, कारण कडी नुसती हातातून हातात गेली असती. नीट ठेवल्या तर आणखी काही वर्षं जगतील. तेवढी वर्षं मी कडीची जबाबदार आहे. मी त्यांना हातात घेत नाही. रील बनवत नाही, कारण मी स्वतःही त्यांना आधी एका गोड रीलमध्येच पाहिलं होतं आणि असं गोजिरवाणं काही पाहिलं की मागणी वाढते. मागणी वाढली की कुठेतरी आणखी एक टाकी भरते. आणि या दोघींनंतर तिसरी येणार नाही.

हे उत्तर पूर्ण नाही, मला माहीत आहे. अळ्यांच्या डब्यालाही झाकण आहे आणि तेही बाहेरूनच बंद होतं.

मध्यंतरी एका रात्री बाबा पाणी प्यायला उठले आणि टाकीसमोर बसून राहिले. मी विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्हाला काही वाटायचं नाही? बादलीचं?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी बादलीकडे बघायचो नाही. तोंड फिरवून शंभर मोजायचो."

मी बघायचं ठरवलंय. टाकीतला प्राणी काचेवर येऊन गोड दिसतो तेव्हा तर सगळेच बघतात. तो एका कोपऱ्यात तीच तीच फेरी मारत राहतो, तेव्हाही बघायचं. तुमच्या घरात कुठली टाकी, कुठला पिंजरा असेल तर एक रात्र दिवा मालवून त्याच्यासमोर बसा. आणि आणायचा विचार असेल, तर आणायच्या आधी बसा.

आता रात्रीचा चिकू बाबाच कापतात. बिया काढून, बारीक फोडी करून. झाकण उघडून वाटी आत ठेवतात, हात पटकन बाहेर घेतात आणि कडी लावतात.