ताळ्यावर आलेला नायक

सुधारलेला रंगेल पुरुष हाच उत्तम पति होतो, अशी एक समजूत इंग्रजी समाजांत निदान तीनशें वर्षें चालत आली आहे. आपल्याकडे तिचें रूप थोडें निराळें आहे. मुलगा उनाड निघाला, बाहेरचे नाद करूं लागला, म्हणजे घरांतील वडील माणसें म्हणतात, 'लग्न उरकून टाका; दोनाचे चार हात झाले कीं आपोआप ताळ्यावर येईल.' इंग्रजी समजुतींत लग्नाच्या आधीं शहाणा झालेला पुरुष गृहीत धरलेला असतो. आपल्या समजुतींत शहाणपण लग्नानंतर यावयाचें असतें. परंतु एका गोष्टींत दोहोंचें एकमत आहे. पुरुषाच्या सुधारणेचा भार एका स्त्रीनें उचलावयाचा, आणि तो उचलण्याची तिची तयारी आहे कीं नाहीं हें विचारण्याचें कारण नाहीं.

ही समजूत ज्या वाङ्मयप्रकारांत सर्वांत अधिक फोफावली, तो म्हणजे इंग्रजींतील ऐतिहासिक प्रणयकादंबरी. अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंड. जुगार, मद्य आणि परस्त्री यांत बुडालेला एखादा उमराव. कर्ज, मृत्युपत्र किंवा लोकापवाद यांमुळें त्याच्याशीं बांधली गेलेली एक तरुणी. आणि शेवटीं त्या व्यवहारी लग्नांतून उमललेलें प्रेम, हा तिचा ठराविक सांचा. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या लेखिकेनें त्याला आजचा घाट दिला, आणि तिच्यामागून आलेल्या लेखिकांनीं तो आजतागायत चालविला आहे. टीकाकार या पुस्तकांकडे उपहासानें पाहतात. पण त्यांच्या पोटांत जो प्रश्न आहे तो उपहासाचा नाहीं. प्रेमानें माणसाचा स्वभाव पालटतो काय? आणि पालटत असेल, तर तो पालटण्याचें काम दुसऱ्या माणसावर सोंपवितां येतें काय?

या प्रश्नाची एक गाजलेली झुंज रंगभूमीवर झाली. १६९६ सालच्या आरंभीं कॉली सिबर या नटानें 'लव्हज् लास्ट शिफ्ट' हें नाटक लंडनमध्यें रंगभूमीवर आणलें. त्यांतील लव्हलेस हा पत्नीला टाकून कित्येक वर्षें परदेशीं भटकलेला. परत येतो तेव्हां तो तिला ओळखीतही नाहीं. ॲमांडा परस्त्री म्हणून त्याला भुलविते आणि मग आपली ओळख देते. तो पश्चात्तापानें विरघळतो. प्रेक्षकांना हें फार रुचलें. जॉन व्हॅनब्रू याला मात्र तो पश्चात्ताप पटला नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें 'द रिलॅप्स' हें नाटक रचून तेंच जोडपें पुनः प्रेक्षकांपुढें उभें केलें. लव्हलेस खेड्यांत राहत होता तोंवर सद्गुणी होता. लंडनला आला, आणि पत्नीच्या नात्यांतल्याच एका तरुण विधवेच्या मागें लागला. व्हॅनब्रूनें थट्टेच्या रूपानें एक मोठें नीतितत्त्व सांगितलें आहे. पडदा पडण्याच्या क्षणीं झालेली सुधारणा हा सुधारणेचा केवळ आरंभ होय. तिची परीक्षा पुढच्या मोहाच्या वेळीं होते. प्रणयकादंबरी नेमकी ही परीक्षा सुरू व्हावयाच्या आधीं संपते.

पुढें सॅम्युएल रिचर्डसन यानें या प्रश्नाचीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें स्वतःच दिलीं. 'पॅमेला' (१७४०) या त्याच्या कादंबरींत एक तरुण धनिक आपल्या पंधरा वर्षांच्या दासीचा पिच्छा पुरवितो, तिला दूरच्या वाड्यांत कोंडून ठेवितो. पण तिचीं पत्रें वाचून त्याचें मन द्रवतें आणि तो तिच्याशीं लग्न करतो. पुस्तकाच्या नांवांतच सद्गुणाला मिळालेल्या बक्षिसाचा उल्लेख आहे. तें बक्षीस म्हणजे तिला कोंडणारा पुरुष! शिवाय ज्याला हवें तें अखेर मिळालें, त्याची सुधारणा खरी कीं नुसती तृप्ति, हें ओळखावयाचें कसें, हा प्रश्न तेथें उरतोच.

'क्लॅरिसा' (१७४७–४८) मध्यें रिचर्डसननें उलट बाजू मांडली. येथें ठरविलेलें लग्न आणि रंगेल नायक या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या वाट्याला येतात. घरचीं माणसें इस्टेटीच्या लोभानें तिला सोल्म्स नांवाच्या एका ओंगळ श्रीमंताच्या गळ्यांत बांधूं पाहतात. त्या सक्तीपासून सुटण्यासाठीं ती लव्हलेसच्या आश्रयाला जाते. त्याचें नांव सिबरच्या नायकाचेंच. पण हा अधिक बुद्धिमान् आणि अधिक क्रूर. तो तिला फसवितो, आणि अखेर गुंगीचें औषध पाजून तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर तो लग्नाला तयार होतो. जगाच्या दृष्टीनें येथें सारें निस्तरलें. पुष्कळ आप्तमित्रांचाही तिला तोच सल्ला असतो. क्लॅरिसा नकार देते आणि त्या नकारासह मरण पतकरते. कादंबरीचे भाग प्रसिद्ध होत असतां लेडी ब्रॅडशे या बाईनें रिचर्डसनला पत्रें लिहून विनविलें कीं, लव्हलेसला सुधारा आणि दोघांचें लग्न लावा. रिचर्डसन बधला नाहीं. रंगेल सुधारला म्हणजे उत्तम पति होतो, ही समजूत घातक आहे, असें त्यानें प्रस्तावनेंतच बजाविलें होतें.

क्लॅरिसाच्या वर्तनांत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मरण्यापूर्वीं ती लव्हलेसला क्षमा करते. सूडाची भावना तिच्या मनांत उरलेली नाहीं. तरीही ती त्याची पत्नी होत नाहीं. आपल्या व्यवहारांत या दोन गोष्टींची नित्य गल्लत होते. क्षमा केलीस ना, मग नांदायला जा, असें आपण सहज म्हणतों. क्षमा हें मनाचें औदार्य आहे. विवाह म्हणजे आपलें उभें आयुष्य दुसऱ्याच्या हवालीं करणें आहे. पहिल्यापासून दुसरें निष्पन्न होत नाहीं.

मग प्रणयकादंबरीच्या वाचकांना, आणि त्यांत विशेषेंकरून स्त्रियांना, लेडी ब्रॅडशेप्रमाणें नायकाची सुधारणाच कां हवी असते? याचें उत्तर त्या काळच्या कायद्यांत सांपडतें. १७५३ च्या विवाहविषयक कायद्यानें एकवीस वर्षांखालील व्यक्तीच्या परवान्यावरील लग्नाला पित्याची किंवा पालकाची संमति आवश्यक केली. लग्न झालें कीं वेगळी तजवीज केलेली नसल्यास पत्नीची जंगम मालमत्ता आणि कमाई पतीची होई. ही स्थिति १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनीं पालटली. पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट १८५७ पर्यंत पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करवून घेतल्यावांचून मिळत नसे. त्या वर्षींच्या सुधारणेनंतरही पत्नीचा व्यभिचार पतीला पुरेसा असे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तसाच दुसरा अपराध सिद्ध करावा लागे. ही विषमता १९२३ पर्यंत टिकली. ज्या घराचें दार बाहेरून बंद आहे त्याला आग लागली, तर आंतल्या माणसानें पावसाचीच आशा करावयाची. नवरा सुधारेल ही आशा अशा प्रकारची होती. ती बाळगणाऱ्या स्त्रीला भोळी म्हणणें हा अन्याय आहे. दुसरी आशा तिच्यापाशीं कोणी शिल्लकच ठेविली नव्हती.

हें बंद दार उघडून पाहणारी लेखिका म्हणजे ॲन ब्रॉन्टे. 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (१८४८) मधील हेलन मावशीचा सल्ला झुगारून आर्थर हंटिंग्डनशीं लग्न करते, तें त्याला सुधारण्याच्या उमेदीनें. होतें असें कीं पति अधिकाधिक बिघडत जातो आणि आपल्या चिमुकल्या मुलालाही दारू व शिव्या शिकवूं लागतो. तेव्हां ती मुलाला घेऊन निघून जाते, नांव बदलते आणि चित्रें विकून पोट भरते. त्या काळच्या कायद्याप्रमाणें हा अपराधच होता. पुढें पति मरणशय्येवर असतां ती त्याच्या शुश्रूषेला परत जाते. पण स्वतःच्या इच्छेनें, आणि मुलाविषयींची अट लेखी घेऊन. दया आणि दास्य यांतील सीमारेषा याहून स्पष्ट आंखणें कठीण आहे.

जेन ऑस्टेन हिनें 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४) मध्यें हाच प्रश्न अधिक सूक्ष्मपणें हाताळला. हेन्री क्रॉफर्ड हा खरोखर सुधारूं लागलेला आहे. फॅनीच्या भावाला त्यानें आरमारांत बढती मिळवून दिली आहे. फॅनीला सांभाळणारे सर टॉमस तिच्या नकाराला कृतघ्नपणा म्हणतात. फॅनी डगमगत नाहीं, आणि हेन्री थोड्याच दिवसांत एका विवाहितेला घेऊन पळतो. तरी ऑस्टेन प्रामाणिकपणें नमूद करते कीं, तो सन्मार्गावर टिकला असता तर फॅनी त्याला मिळाली असती. म्हणजे सुधारणा अशक्य आहे असें तिचें म्हणणें नाहीं. ती ज्याची त्यानें करावयाची, आणि फळाची हमी नसतांना करावयाची, एवढेंच तिचें म्हणणें.

या कसोटीला आजच्या प्रणयकादंबऱ्या लावून पाहिल्या तर त्या सगळ्याच टाकाऊ ठरत नाहींत. हेयरच्या 'डेव्हिल्स कब' (१९३२) मध्यें नायक नायिकेला पळवून नेतो. ती पिस्तूल झाडून त्याच्या दंडाला जखम करते, आणि तेथपासून तो तिला माणूस म्हणून ओळखूं लागतो. लिसा क्लेपसच्या 'डेव्हिल इन विंटर' (२००६) मध्यें छळवादी नातेवाइकांपासून सुटण्यासाठीं नायिकाच एका बदनाम उमरावापुढें लग्नाचा प्रस्ताव ठेवते आणि पुढें तीन महिने ब्रह्मचर्य पाळण्याची अट घालते. प्रसंग अद्भुत आहेत खरे. परंतु इतिहासानें स्त्रीला जें नाकारलें तें या लेखिका कल्पनेंत तिच्या हातीं देतात: नकाराचें सामर्थ्य. हें सामर्थ्य जेथें आहे तेथें नायकाची सुधारणा विश्वसनीय वाटते. जेथें नाहीं तेथें ती मालकाची लहर वाटते.

ठरविलेल्या लग्नावरही सरसकट दोष ठेवतां येत नाहीं. हेयरच्याच 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' (१९६१) मध्यें बापाच्या कर्जांत बुडालेला तरुण उमराव एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या साध्या मुलीशीं केवळ पैशासाठीं लग्न करतो; त्याचें मन दुसरीवर असतें. येथें कोणी रंगेल नाहीं आणि कोणाचें हृदयपरिवर्तनही होत नाहीं. रोजच्या सहवासांतून, परस्परांच्या काळजींतून हळूहळू आपलेपणा येतो. आपल्या आईबापांच्या पिढींतील कित्येक संसार असेच फुलले. त्या संसारांचें यश दोन बऱ्या माणसांचें होतें. एकानें दुसऱ्याला नरकांतून ओढून काढल्याचें नव्हतें. या संसारांचा दाखला देऊन उनाड मुलाच्या गळ्यांत मुलगी बांधणें म्हणजे एकाच्या पुण्याईवर दुसऱ्यानें कर्ज काढणें होय.

आपल्या रंगभूमीनेंही हा प्रश्न पाहिला आहे. १९१९ सालीं आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधील सुधाकर बाहेरख्याली नाहीं, मद्यपी आहे. पण सिंधूचें पातिव्रत्य म्हणजे प्रेमाच्या सुधारकशक्तीची परमावधिच. त्या शक्तीनें घडलें काय? मूल गेलें, सिंधू गेली, सुधाकरही गेला. प्रेक्षक सिंधूसाठीं पिढ्यान्पिढ्या रडले. परंतु तिनें घर सोडावयास हवें होतें काय, हा प्रश्न डोळे पुसतांना किती जणांनीं मनांत आणला असेल?

येथें कोणी म्हणेल कीं, मग पतिताला आशाच नाहीं काय? आहे, आणि असलीच पाहिजे. मनुष्य सुधारूं शकतो, या श्रद्धेवांचून नीतिशास्त्राला अर्थच उरत नाहीं. परंतु त्याच शास्त्रांत कांटचा दुसराही सिद्धांत आहे: कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये. पतिताला वर येण्यास वाव देणें हें समाजाचें कर्तव्य आहे. त्यासाठीं एका मुलीचें आयुष्य पायरी म्हणून घालणें हा त्या कर्तव्याचा भाग नव्हे. प्रेमानें माणूस सुधारला तर तें प्रेमाचें भाग्य. तें पत्नीचें कर्तव्य ठरविलें कीं त्याचें अपयशही तिच्याच माथीं येतें. 'बायकोला नवरा राखतां आला नाहीं,' हें वाक्य आपल्या घरांतून आजही ऐकूं येतें.

१९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें आपल्याकडील बंद दार पुष्कळसें उघडलें. मनांतलें दार मात्र कायद्यानें उघडत नाहीं. लग्न झालें कीं ताळ्यावर येईल असें म्हणणाऱ्या वडील माणसांना विचारण्यासारखा प्रश्न साधा आहे. तो ताळ्यावर येऊं शकतो अशी तुमची खात्री असेल, तर त्यानें आधीं यावें. आणि खात्री नसेल, तर जी जोखीम तुम्ही, त्याचे जन्मदाते, पतकरीत नाहीं, ती परक्याच्या मुलीनें कां पतकरावी?